बंद गळ्याचे कपडे

विमा कार्यालयाच्या स्वागतकक्षात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक निळा खोका येई, आणि तो आला की दावे विभागातल्या ताईंचं कामातलं लक्ष उडे. खोका स्वागतिकेचा असे. तिने एका कंपनीची वर्गणी भरली होती. आपली मापं आणि आवडनिवड कळवायची. तिथले जाणकार पाच कपडे निवडून पाठवतात. पटेल ते ठेवायचं, बाकीचे परत.

ताईंना त्या कार्यालयात चौदा वर्षं झाली होती. त्यांच्या कपड्यांकडे कधी कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. ही पोरगी परवा परवा आली आणि येणारा-जाणारा तिचं कौतुक करू लागला. ताईंच्या पोटात दुखायला लागलं.

त्यांनीही गुपचूप वर्गणी भरली. पहिल्या खोक्यातला गर्द पिवळा ड्रेस पाहून शिपाईकाकांनी, आज कुठे कार्यक्रम आहे का, असं विचारलं. दुसरा खोका त्यांनी जसाच्या तसा परत पाठवला. तिसऱ्या वेळी आवडनिवडीच्या रकान्यात त्यांनी सरळ स्वागतिकेच्याच कपड्यांचं वर्णन लिहून दिलं: बंद गळा, मनगटापर्यंत बाह्या, फिकट रंग. ड्रेस आला तो अगदी हवा तसा, आकाशी. पण तो घालून गेल्या, तर स्वागतिकेच्याही अंगात नेमका तोच! लेखापाल म्हणाले, जुळ्या बहिणी दिसताय, एक जरा बरीच आधी जन्मलेली. सगळे हसले. स्वागतिकाही हसली, आणि तेच ताईंच्या जिव्हारी लागलं.

जेवणाच्या सुट्टीत त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "एवढ्याशा पगारात दर महिन्याला नवे कपडे? घेऊन देणारं कुणीतरी असणार."

वाक्य एवढंच. पण साहेबांच्या केबिनपर्यंत पोचेतो त्याला हातपाय फुटले. पंधरवड्यात स्वागतिकेची रवानगी तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत झाली. कार्यालयाची प्रतिमा जपायला हवी, असं कारण दिलं गेलं. ताईंना बरं वाटलं. पण दोनच दिवस.

त्या ड्रेसचा गळा ताईंना काचत होता. तो मोठा करून घ्यायला त्या सासूबाईंकडे गेल्या. सासूबाईंनी तीस वर्षं बायकांचे कपडे शिवले होते. असा गळा का मागवलास, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ताईंनी सगळं सांगून टाकलं. बोललेलं वाक्यसुद्धा. सासूबाईंनी कात्री बाजूला ठेवली.

"ऐन उन्हाळ्यातही ती असंच घालते?"

"हो."

"मग ती मिरवत नाहीये. माझ्याकडे अशा दोघी-तिघी यायच्या, आधी दार लावा म्हणायच्या. तिला काहीतरी झाकायचं असेल." ताईंचा चेहरा उतरला. सासूबाई पुढे म्हणाल्या, "आणि समजा, नुसती हौस असली, तरी? पगार तिचा, अंग तिचं. हेवा वाटला असेल, तो वाटतो माणसाला. पण तू तो लपवायला तिच्या अब्रूला हात घातलास. जिथे बोललीस, तिथेच जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी ताई तळघरात गेल्या आणि तिच्यासमोर कबुली दिली. स्वागतिकेने हातातल्या फायलीची दोरी बांधली. मग तिने सांगितलं, कॉलेजात असताना गॅसचा भडका उडून तिचा गळा आणि हात भाजले होते. दुकानात कपडे घालून बघताना बाहेरच्या मुली पडदा सारून डोकावत, म्हणून ती खोका मागवते. पाचातला एखादाच ठेवते. गळ्याचं बटण तिने उघडून दाखवलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत साहेबही हजर असताना ताई उभ्या राहिल्या. "ते मी बोलले होते. खोटं होतं. मला तिचा हेवा वाटत होता." लेखापालांनी मान खाली घातली.

आठवड्याभरात स्वागतिका आपल्या जागेवर परतली. ताईंशी ती कामापुरतं बोलते, जास्त नाही. ताईंची त्याबद्दल तक्रार नाही.

मंडळी, हेवा आपल्या सगळ्यांनाच वाटतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज आहे ती बाईच्या कपड्यांवरून तिचं चारित्र्य ठरवण्यात, आणि ते ऐकून गप्प बसण्यातही. तिने काय घालावं आणि का, याचा जाब तिला विचारणारे आपण कोण?