शेऱ्याचा कागद

ग्वाल्हेरात नवं मराठी पुस्तक हवं असेल तर कुणीतरी पुण्याला लग्नाला जाईपर्यंत थांबावं लागतं. मग ते साड्यांच्या घड्यांमधून येतं आणि हरिशंकरपुरमातल्या अकरा घरांतून वर्षभर फिरतं. शेवटच्या घरी पोचेस्तोवर त्याला हळदीचा, चहाचा आणि एखाद्या नातवाच्या पेनाचा प्रसाद मिळालेला असतो.

या फिरत्या पुस्तकांच्या मंडळासाठी लक्ष्मीकांतरावांनी दोन नियम घातले होते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता त्यांच्या बैठकीत जमायचं आणि सध्या काय वाचतोय ते प्रत्येकाने सांगायचं, हा पहिला. दुसरा असा की पुस्तक वाचून झालं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या कागदावर दोन ओळींचा शेरा लिहायचा, खाली नाव घालायचं आणि मगच पुस्तक पुढच्या घरी द्यायचं. बहुतेकांचे शेरे म्हणजे पोह्यांची तारीफ करावी तसे. पण इंदुताईंचा शेरा वाचायला लोक आधी मागचा पुठ्ठा उघडत आणि मग पुस्तकाला हात लावत. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला निवृत्तीनंतर एवढा एकच मान उरला होता, आणि तो त्यांना प्रिय होता. का नसावा?

दोन वर्षांपूर्वी इंदुताईंच्या डोळ्यांना मधोमध डाग पडला. फूलबागेत त्या एकट्या फिरून येत, कडेकडेने सगळं दिसे. पण जिथे नजर ठेवावी तिथेच काही नसे. अक्षर तर गेलंच. आता ते परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंदुताईंनी ही गोष्ट मुलाला सांगितली आणि मंजिरीला. मंडळात सांगितली असती तर सगळे हळहळले असते, आणि पुढच्या महिन्यापासून पुस्तक त्यांचं घर सोडून पुढे गेलं असतं. ‘त्यांना कशाला उगाच त्रास!’ हे वाक्य कोण कुठल्या सुरात म्हणेल, हेही त्यांना ठाऊक होतं.

मंजिरी शेजारच्या घरची सून, उज्जैनची. तिला मंडळात आणलं इंदुताईंनीच. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती येई आणि मोठ्याने वाचून दाखवी. वाचायची छान. पुस्तक संपलं की इंदुताई पाच मिनिटं डोळे मिटून बसत, मग शेरा सांगत आणि मंजिरी तो पेन्सिलीने लिही. मग स्वतःचाही लिही. सही करायला इंदुताई पेन्सिल मागत, तर ती म्हणे, “राहू द्या ना ताई, मी करून देते.” किती समजूतदार पोर, असं इंदुताईंना वाटे.

या रविवारी मंडळाला दहा वर्षं झाली. तीळ-गुळाच्या गजकाची ताटली फिरली. लक्ष्मीकांतराव म्हणाले, “सध्या काय वाचताय ते आज राहू द्या. आज मी यंदाच्या पुस्तकांचे शेरे वाचून दाखवतो.”

इंदुताई जरा सावरून बसल्या. खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला होता.

पहिलं निघालं ते दोन बहिणींच्या भांडणाचं. लक्ष्मीकांतरावांनी चष्मा पुसला आणि वाचलं, “‘लेखकाने थोरलीला एकदाही रडू दिलं नाही. ते काम आपल्यावर टाकलं.’ वा! काय लिहिलंय! मंजिरी, बेटा, कमाल केलीस.”

इंदुताईंना वाटलं, लक्ष्मीकांतरावांनी नाव चुकून वाचलं.

“आणि इंदुताई लिहितात,” लक्ष्मीकांतराव पुढे गेले, “‘छान आहे. एकदा वाचावे.’”

दुसरं पुस्तक, तिसरं, चौथं. ज्या वाक्यासाठी इंदुताईंनी एक अख्खी दुपार घालवली होती, ते मंजिरीच्या नावाने निघालं. त्यांच्या नावाखाली होतं ‘बरे आहे’, ‘छपाई चांगली’, ‘एकदा वाचावे’. छपाई चांगली! ज्या बाईला अक्षर दिसत नाही तिच्या नावाने छपाईचं कौतुक! संतापाने इंदुताईंच्या हातातला गजक चुरला. मंजिरी समोरच बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी नजर लावली, आणि नेमका तोच दिसेना.

“इंदुताई आताशा थोडक्यात आटपतात,” शालिनीताई प्रेमाने म्हणाल्या. “उमर झाली, अजून काय!”

गप्प बसावं तर नाव जाणार. बोलावं तर डोळ्यांचं उघडं पडणार. इंदुताई बोलल्या.

“मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. मंजिरी मला वाचून दाखवते, मी सांगते ते लिहिते. ती वाक्यं माझी आहेत.”

मग शालिनीताई उठून त्यांच्याजवळ आल्या. “अहो, इतनी बडी बात लपवून ठेवलीत? आणि ही पोरगी दोन वर्षं येऊन वाचून राहिली, एका शब्दाने बोलली नाही! मंजिरी, पुण्य कमावलंस गं!”

“वाक्यांचं म्हणतेय मी,” इंदुताई म्हणाल्या.

लक्ष्मीकांतरावांनी आवाज अगदी मऊ केला. “होतं असं, ताई. दोघींनी मिळून वाचलं की कुणी काय म्हटलं ते ध्यानात राहत नाही. तरीच बैठकीत तुम्ही इतकं छान बोलायच्या. मंजिरीची मदत होती तर.”

आता मंजिरी बोलेल, असं इंदुताईंना वाटलं. एवढं तरी ती करेल. सगळे तिच्याकडे वळले.

मंजिरी हळूच म्हणाली, “इंदुताई म्हणतात तर त्यांचंच असेल.”

आजारी माणसाचा हट्ट पुरवावा, अगदी त्या सुरात. सगळ्यांनी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. चोरी झाल्याचं दुःख इंदुताई सोसू शकल्या असत्या. पण चोरीचा माल असा दान म्हणून परत मिळाला तेव्हा त्यांना रडू आलं, आणि डोळ्यांमुळे रडताहेत असं समजून कुणीतरी पाणी आणून दिलं.

मंगळवारी तीन वाजता बेल वाजली. मंजिरी येणार नाही, असं इंदुताईंनी धरलं होतं. आली तर हाकलून द्यायचं, असंही ठरवलं होतं. पण तिपाईवरच्या कादंबरीची चाळीस पानं उरली होती. मुलाने फोनवर वाचणारं काहीतरी लावून दिलं होतं. पण ते छापील पानावर अडखळे आणि प्रेमपत्रसुद्धा नोटीस वाचल्यासारखं वाचे. त्यांनी दार उघडलं.

“रागावलात ना?” मंजिरी दारातच म्हणाली. “मला वाटलं, तुमच्याजवळ इतकं आहे. एखादं माझं झालं तर काय बिघडलं? मंडळात मला तर कुणी ऐकतच नव्हतं.”

“मागितलं असतंस तर दिलं असतं.”

“तुम्हाला कळणार नाही असं वाटलं.”

हे मात्र ती खरं बोलली. इंदुताई खुर्चीत बसल्या. “वाच.”

तिने चाळीस पानं वाचली. नेहमीसारखीच छान, किंबहुना जास्तच जीव लावून. शेवट चांगला होता. इंदुताईंनी डोळे मिटले. वाक्य आलं, पुरं होऊन आलं, या दोन वर्षांतलं सगळ्यात चांगलं. मंजिरी पुठ्ठा उघडून, पेन्सिल घेऊन थांबली होती.

“लिही,” इंदुताई म्हणाल्या. “छान आहे. एकदा वाचावे.”

पेन्सिल थांबली. “एवढंच?”

“एवढंच.”

“आणि माझ्या शेऱ्यात काय लिहू, ताई?”

इंदुताईंनी हात पुढे करून पुस्तक मागून घेतलं, मिटलं आणि मांडीवर ठेवलं. “ते तू तुझं बघ,” त्या म्हणाल्या.