आईचं ‘पुरे’

“या वेळी गोळ्या घेणार, की परत नुसतंच?” डॉक्टरीणबाईंनी हात धुताधुता विचारलं.

‘नुसतंच’ हा त्यांचा शब्द. बीज आपोआप बाहेर पडायची वाट बघायची आणि त्या सुमारास नवऱ्याचे शुक्रजंतू स्वच्छ करून एका बारीक नळीनं गर्भाशयात सोडायचे. आम्ही हे दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा पाळी आली, तीही अगदी वेळेवर.

मी म्हटलं, “आमच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना एका वेळी एकच काच बदलतात. दोन बदलल्या की कशामुळे स्पष्ट दिसलं ते कळत नाही.”

“छान पद्धत आहे. पण तुम्ही मला तीच काच तिसऱ्यांदा दाखवताय.”

मग त्यांनी सावकाश समजावलं. गोळ्या पाच दिवस घ्यायच्या. त्यांच्यामुळे एकाऐवजी दोन बीजं तयार होऊ शकतात, म्हणून दिवस राहायची शक्यता वाढते. जुळ्यांचीही वाढते, पण फार नाही. शिवाय डोकं दुखेल, अंगातून वाफा निघतील, नवऱ्यावर विनाकारण ओरडाल.

“ते मी गोळ्यांशिवायही करते.”

“मग त्यांना फरक कळायचा नाही.” त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “जुळ्यांची भीती वाटते का?”

“नाही.”

“मग अडलंय कुठे?”

मी पर्स उचलली. विचार करून सांगते म्हटलं.

“उद्या दुपारपर्यंत सांगा. नंतर सुरू करून उपयोग नाही. आणि एकोणचाळिसाव्या वर्षी महिना गेला म्हणजे गेला.”

दुकान आईचं. ती गेल्यापासून मी चालवते आणि मावशी रोज मदतीला येते. मदत म्हणजे आईच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना खरं सांगणं. मी पोचले तेव्हा एका जाडजूड गृहस्थांना ती म्हणत होती, “ही फ्रेम नको हो. निवडणुकीत पडल्यासारखे दिसताय.” गृहस्थांनी मुकाट्यानं दुसरी घेतली, तीही महागातली. आईनं असं कुणाला कधी म्हटलं नसतं. विक्री मात्र वाढली आहे.

गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर मावशी माझ्याकडे वळली. “काय म्हणाली तुझी डॉक्टरीण?”

मी सगळं सांगितलं.

“मग घे की गोळ्या. त्यात एवढा काय विचार?”

“शरीर नाही म्हणत असेल तर त्याच्या मागे लागू नये,” मी म्हटलं.

पुसत असलेला चष्मा मावशीनं खाली ठेवला. वाक्य कुणाचं ते तिनं ओळखलं होतं. कॅन्सरवरचे औषधोपचार तिसऱ्यांदा सुरू करायची वेळ आली तेव्हा आई हे म्हणाली होती, आणि पुढे एकच शब्द, “पुरे.” त्यानंतर ती दोन महिने जगली. ती गेल्यावर मी घरातली सगळी औषधं टाकून दिली, अगदी डोकेदुखीचीसुद्धा. मला ताप आला तरी मी अंगावर काढते. नवरा एकदा खोकल्याचं औषध घेऊन आला, तर ते आठवडाभर त्याच्या गाडीतच राहिलं.

“तुला एकाहत्तर वर्षं झाली का गं?” मावशीनं विचारलं.

“हे काय विचारणं झालं?”

“तिला झाली होती. आणि दोनदा सगळं भोगून झालं होतं. केस गेले, तोंडाची चव गेली, झोप गेली. सगळं करून बघितलं आणि मग पुरे म्हणाली. तू एक गोळी तोंडात न घालता पुरे म्हणतेस. तिचा शब्द तिचा होता. तो असा वापरू नकोस.”

“तुला काय माहीत, मावशी? तू संध्याकाळी भेटायला यायचीस. तिला गोळ्या मी द्यायचे. गिळता येईनात तेव्हा कुटून द्यायचे. ती थुंकायची तर परत द्यायचे.”

मावशीनं चष्मा परत हातात घेतला. “हो,” ती म्हणाली. “तूच द्यायचीस.”

तिनं माझी समजूत घातली नाही, हे बरं केलं. घातली असती तर मी रडले असते आणि गोष्ट तिथंच राहिली असती. मी आत गेले. अडलंय कुठे या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर होतं. मला गोळीच्या परिणामांची भीती नव्हती. आईला भरवता भरवता गोळीचीच बसली होती. ती लपवायला मी आईला साक्षीदार म्हणून उभं करत होते, आणि तिला ते मुळीच आवडलं नसतं.

मी नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. फोन उचलतो तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

“तू म्हणशील तसं, हे उत्तर आज नकोय,” मी आधीच बजावलं.

“गोळ्या तू खाणार, मी काय मत देऊ?”

“मूल दोघांचं ना?”

पलीकडे पाना ठेवल्याचा आवाज झाला. “मला मूल हवंय,” तो म्हणाला. “आईंच्या आजारपणात हे बोलायची वेळ नव्हती. नंतर तर नव्हतीच. पण विचारतेस म्हणून सांगतो, घे. जुळी झाली तर एक माझ्याकडे.”

“आणि दुसरं?”

“मावशीकडे. दुसऱ्या दिवशी परत करेल.”

त्याच दुपारी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. गोळ्या घेते. बीजं वाढवायची इंजेक्शनं सध्या नकोत. तीन किंवा जास्त बीजं दिसली तर तो महिना सोडून द्यायचा. असं तीनदा करायचं, मग पुन्हा बसून बोलायचं.

“तीन बीजांची अट मीच घालणार होते.”

“मग दोघींनी घातली असं धरा.”

पहिल्या दिवशी गोळी हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. दुसऱ्या दिवशी थोडा कमी. चौथ्या दिवशी डोकं इतकं दुखलं, की मावशीनं माझ्या हातातलं काम काढून घेतलं आणि एका बाईंना चष्म्याची चुकीची डबी विकली. पाचवी गोळी मी उभ्याउभ्या, गिऱ्हाइकाशी बोलताबोलता घेतली.

सोनोग्राफीला नवरा सुट्टी काढून आला. डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. “डावीकडे एक. उजवीकडे एक. दोन्ही चांगली वाढलीत. नळीनं सोडायचं काम परवा करता येईल.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “जुळ्यांचं आता खरोखर मनाशी धरायचं. थांबायचं असेल तर आजच सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.”

नवऱ्यानं माझा हात धरला होता. या वेळी मला त्याचं मत नकोच होतं.

“परवा किती वाजता येऊ?” मी विचारलं.