थोरल्यांच्या मापाचा पट्टा

मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. मित्रांनो, मी दाराआड खिळ्याला लटकलेला असतो, पण मला स्वस्थता म्हणून नाही. घरात कुणी कण्हलं की मी खिळ्यावर हलू लागतो.

जाड कापडाचे दोन थर, मध्ये पाठ ताठ धरणाऱ्या चार कांड्या आणि टोकाला चिकटपट्टी, असा मी कारखान्यात जन्मलो. मला या घरी आणलं ते थोरल्या मुलाने. सगळे त्यांना थोरलेच म्हणतात. ते गोदामात पोती उचलतात. एकदा पोतं फिरवताना त्यांची कंबर धरली. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना वाकवलं, वळवलं, पोत्याचं वजन विचारलं, दिवसाच्या फेऱ्या विचारल्या. मग माझ्यावर पेनाने एक रेघ ओढली.

"इथपर्यंत बांधायचा. फक्त ओझं उचलताना, तीनच आठवडे. खरं काम व्यायाम करणार आहे."

थोरल्यांना गुण आला आणि कौतुक मात्र माझं झालं. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू. व्यायाम सगळे विसरले. ती रेघ तेवढी देवाने आखल्यासारखी झाली.

पुढे त्यांच्या आईची कंबर दुखू लागली. त्यांना रेघेपर्यंत आवळलं, तर धड श्वास घेता येईना.

"अरे, आईला बांधतोयस की वळकटी?" त्या म्हणाल्या. पण रेघ सोडायला त्याही तयार नव्हत्या.

मग धाकट्या सुनेची पाळी आली. ती दिवसभर शिवणयंत्रावर बसायची. अंगाने काडी. रेघेला टोक लावलं की मी तिच्यावरून सरळ खाली घसरायचो. सासूबाईंनी आत टॉवेलची घडी कोंबली.

"आई, कंबरेपेक्षा पायच दुखतोय हो. डाव्या पायाला मुंग्या येतात."

"बसून बसून येणारच. थोरल्याला याच पट्ट्याने बरं वाटलं ना? मग."

मी तिच्या अंगाला होतो, म्हणून मला आधी कळलं. तिचं डावं पाऊल चालताना जमिनीवर फटफट आपटत होतं. चप्पल निसटली तरी तिला पत्ता नसायचा. आणि त्याच पायाने ती यंत्र चालवत असे. तो पाय गेला असता, तर तिचं शिवणकामही गेलं असतं. मला ओरडावंसं वाटे, पण पट्ट्याला तोंड कुठलं? चिकटपट्टी कुरकुरली की सासूबाई ती आणखी दाबून बसवत. असे बारा दिवस गेले. हात नसताना मी रोज देवाला हात जोडले.

तेराव्या दिवशी ती जिन्यात पडली. थोरल्यांनी तिला त्याच बाईंकडे नेलं. सासूबाई बरोबर होत्या.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"थोरल्यासारखंच आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

"तिला बोलू द्या ना."

ती अडखळत बोलली. बाईंनी तिला टाचांवर चालायला सांगितलं. उजवं पाऊल वर राहिलं, डावं खाली पडलं. बाईंनी मला सोडवून बाजूला ठेवलं.

"शीर दबलेली दिसतेय. हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरांकडे न्या. उद्यावर टाकू नका."

शस्त्रक्रिया झाली. नंतर बाईंनी तिचं यंत्र येऊन पाहिलं, स्टूल उंच करवलं, दर अर्ध्या तासाला उठायला लावलं, व्यायाम तिच्यापुरते ठरवले. सासूबाईंना मात्र रोज चालायला सांगितलं. दुखेल या भीतीने त्यांनी अंगण ओलांडणंच सोडलं होतं. एका घरातल्या तीन कंबरा, पण एकीचा इलाज दुसरीला चालला नाही.

सुनेचं पाऊल आता उठतं. अंगठा अजून पुरता उठत नाही. ती उजव्या पायाने यंत्र चालवायला शिकतेय. ते बारा दिवस मला डोळा लागू देत नाहीत.

परवा शेजारीण आली. "दोन दिवस पट्टा द्या हो, आमच्या ह्यांची कंबर धरलीय."

मी खिळ्यावर आक्रसलो. सासूबाई उठल्या नाहीत.

"पट्टा नाही मिळायचा," त्या हळूच म्हणाल्या. "आधी त्यांना विचार काय होतंय. आणि मी करत होते तसं मध्ये बोलू नकोस. मग बाईंकडे ने."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. दुखणाऱ्याला आधी नीट बोलू द्या, जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आणि दुखणारा म्हणाला की पाय दुखतोय, तर त्याची कंबर बांधू नका.