भांडायला पत्ता हवा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणाच्या तरी पेनाचं टोपण पडलंय. तसं वाटून एका झाडूवाल्या बाईंनी मला केरात टाकलंही होतं. पण मी टोपण नाही. मी एक जुना डोंगल आहे. कॉम्प्युटरच्या पाठीला जी भोकं असतात, त्यांतल्या एकात मी बसतो. मी बसलो की मराठी अक्षरांची जुळवणी करणारा एक महागडा प्रोग्रॅम चालतो, आणि मला उपटलं की तो बंद पडतो. म्हणजे कुलूपही मीच आणि किल्लीही मीच. असा दुहेरी मान माझ्याखेरीज फक्त सोसायटीच्या वॉचमनला मिळतो.

माझा जन्म ‘अक्षरवेल’ नावाच्या एका छोट्या कंपनीत झाला. पुढे सातासमुद्रापलीकडच्या एका मोठ्या कंपनीने अक्षरवेल विकत घेतली. तेव्हा आमच्या जातभाईंमध्ये फार घबराट झाली. मोठा मासा छोट्याला गिळतो, हे आम्हीही ऐकून होतो. प्रत्यक्षात एवढंच झालं, की पूर्वी मदतीसाठी फोन केला की लगेच माणूस बोलायचा, आता आधी बासरी वाजते आणि मग माणूस बोलतो. माणूस मात्र मराठीच बोलतो.

माझी सगळी नोकरी बोरिवलीला, मार्केटजवळच्या ‘गार्गी ग्राफिक्स’मध्ये झाली. एका बाजूला रक्त तपासायची लॅब, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला, मध्ये आमचं दुकान. मालक दशरथ मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. दशरथनी मुलगी रांगायला लागायच्या आधीच तिच्या नावाची पाटी लावली. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, ‘उद्या पाणी येणार नाही’च्या सूचना, नगरसेवकांच्या वाढदिवसाचे बॅनर, सगळं माझ्या देखरेखीखाली निघालं. दसऱ्याला दशरथ कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालत, आणि मागे हात घालून चाचपत मलाही हळदीचं बोट लावत. कुलपाला इतका मान देणारा माणूस विरळा.

मग गार्गी मोठी झाली. कॉम्प्युटरचं शिकली, अंधेरीला एका कंपनीत लागली, आणि तिथे तिला मोकळ्या सॉफ्टवेअरवाल्यांची संगत मिळाली. ही माणसं मोठी विलक्षण, मित्रांनो. ती प्रोग्रॅम लिहितात, कसा लिहिला ते जगाला उघड करून दाखवतात, फुकट वाटतात, आणि वर तुम्हाला हवा तसा बदलून घ्या म्हणतात. मला पगार नसला तरी माझ्यासाठी कुणीतरी पैसे मोजले होते, त्यामुळे हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण मला आलं ते कुतूहल. हे लोक खातात काय, इथपासून माझी सुरुवात झाली.

एका रविवारी गार्गी दुकानात आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबा, हा तुमच्या गळ्यातला पट्टा आहे.”

“असेल,” दशरथ म्हणाले. “पण सवयीचा आहे गं. खुपत नाही.”

“हेच तर. ह्याच्या आत काय लिहिलंय, तुम्हाला माहितीये? नाही. उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर तुमच्या सगळ्या पत्रिका आत आणि तुम्ही बाहेर.”

तिचं म्हणणं मला बिनतोड वाटलं. माझ्या आत काय आहे हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि ते तोवर कधी खटकलंही नव्हतं. दशरथ लेकीपुढे कुठे टिकणार? गार्गीने कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा बदलून नव्या अवताराची केली, मोकळा प्रोग्रॅम बसवला, मला उपटलं आणि खणात टाकलं. खणात वाळलेलं स्टॅम्प पॅड आणि चष्म्याची एक बेवारशी काडी होती. खण पुरता लागत नसे, म्हणून दुकानातलं सगळं मला ऐकू यायचं.

सुरुवातीला नव्याचं काम झकास चाललं, हे मी कबूल करतो. बॅनर निघाले, सूचना निघाल्या. कुणालाच माझी आठवण आली नाही. निवृत्तांना हा अनुभव नवा नसतो.

मग मथुराबाई आल्या. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून येऊन त्या आमच्या मार्केटात मासळी विकायच्या. त्यांच्या दिपेशचं लग्न ठरलं होतं. दिपेशला वडील नाहीत. अशा लग्नात बापाच्या जागी चुलत्याने उभं राहायचं, ही रीत. चुलता होता, हरेश्वर नावाचा, मथुराबाईंचा थोरला दीर. पण बोंबील वाळवायच्या जागेवरून दोन्ही घरांत अबोला पडला होता. इतका पक्का, की एकाच गल्लीत राहून कित्येक वर्षांत एक शब्द इकडून तिकडे गेला नव्हता. हरेश्वर उभा राहिला नाही, तर हळदीला नवरदेवाच्या मागे रिकामी जागा दिसणार होती. मथुराबाई दोनदा आल्या, पत्रिकेतली शंभर नावं सांगून गेल्या, हरेश्वरचं नाव मात्र जिभेवर येईना.

आता एक धंद्याची गोष्ट सांगतो. आमच्याकडची पत्रिका कधी दुकानात पूर्ण होत नाही. नावं वाढतच राहतात. मामाच्या सासऱ्याचं राहिलं, आत्याच्या जावयाचं राहिलं, असं छापखान्याच्या दारापर्यंत चालतं. म्हणून दशरथ पक्की बांधलेली प्रत न पाठवता फाईल तशीच उघडी पाठवत, आणि दहिसरचे छापखानेवाले गुणाजी शेवटची नावं आपल्या कॉम्प्युटरवर घालून छापत. दोघांकडे एकच प्रोग्रॅम, माझाच एक भाऊ गुणाजींकडे, त्यामुळे इथे जे दिसे तेच तिथे दिसे. या वेळी गार्गीने गुणाजींनाही मोकळा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावलं. फुकट आहे, कुठेही बसवा. गुणाजींनी बसवला. फक्त त्यांना मिळाला तो एक पायरी पुढचा, म्हणजे नव्या आवृत्तीचा होता.

छापायला निघण्याच्या सकाळी मथुराबाईंचा फोन आला. हरेश्वरचं नाव घालायचं. सगळ्यांच्या खाली, एकट्याचं, ठळक: ‘स्वागतोत्सुक: श्री. हरेश्वर’. म्हणजे सगळ्या मांडवाचं स्वागत त्याच्या हाती. दशरथनी गुणाजींना कळवलं, गुणाजींनी नाव घातलं, मग वरची राहिलेली नावंही घातली. पण त्यांच्याकडे अक्षरं केसभर ऐसपैस बसली होती. कुठे एक ओळ वाढली, मजकूर खाली सरकला, आणि शेवटची ओळ चौकटीच्या बाहेर पडून दिसेनाशी झाली. कुणालाही कळलं नाही. पत्रिका छापल्या गेल्या.

पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायची म्हणून मथुराबाईंनी गठ्ठा सोडला आणि त्यांना कळलं. त्या तशाच दुकानात आल्या. त्या दिवशी सुट्टी असल्याने गार्गीही होती. मथुराबाई ओरडल्या नाहीत. पत्रिका टेबलावर ठेवली आणि बसल्या.

“एकादी पत्रिका वाटली गेली असती, त त्याला वाटलं असतं मी मुद्दाम गालला,” त्या म्हणाल्या. “मंग मरेपरेंत बोलला नसता.”

गार्गीचा चेहरा उतरला. तिने सगळं समजावून सांगितलं: दोन पायऱ्यांमधला फरक, अक्षरांची रुंदी. मथुराबाईंनी शांतपणे ऐकलं.

“ह्यो परोगराम केलाय कोनी?”

“सगळ्यांनी मिळून, मावशी. जगभरातल्या लोकांनी. फुकट.”

“मंग मी भांडू कोनाशी?”

 गार्गीने तिथल्या तिथे त्या मोकळ्या मंडळींना पत्र लिहिलं, आणि थोड्याच वेळात दूर देशातल्या एका भल्या माणसाचं उत्तरही आलं. चूक दाखवल्याबद्दल त्याने आभार मानले होते, सवड मिळताच बघतो म्हणाला होता, आणि तोवर आपण स्वतः दुरुस्त केलीत तर आनंदच आहे, असंही लिहिलं होतं. इतक्या सज्जन माणसाशी कोण भांडणार?

मथुराबाईंनी मग एक हिशोब सांगितला. शेजारणीने वाट्याची मासळी पाठवली, तर ती गप खायची. बोंबील नरम निघाला तरी चांगला होता म्हणायचं. फुकटच्याला नावं ठेवणं आमच्यात पाप. पण विकत घेतलेला पापलेट खराब निघाला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पाटीसमोर उभं राहतं. “ते येनार हे मना माहीत हाय,” त्या म्हणाल्या, “म्हनून तर मी खराब मासली देत नाय.”

पण गार्गी बोरिवलीची पोरगी, सहजासहजी कशी हरेल? “मावशी, तुमच्या पाटीतला मासा कल्ले उचलून बघता येतो. मोकळ्या प्रोग्रॅमचेही येतात. ह्या डोंगलवाल्यांचे कल्ले शिवलेले असतात, त्याचं काय?”

“कल्ले सगलीच उचलतात गं,” मथुराबाई म्हणाल्या. “कलतं कोनाला?”

गार्गीला हसू आलं. मथुराबाईंनाही आलं. कोण जिंकलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, मित्रांनो. पण मला त्या दिवशी एक नवीन गोष्ट समजली. आमच्या मोठ्या कंपनीला लोक राक्षस म्हणतात. म्हणोत. राक्षसाचं एक बरं असतं: त्याचा पत्ता सगळ्या गावाला ठाऊक असतो.

पुन्हा असं व्हायला नको, म्हणून दशरथनी मला खणातून काढलं. पुसून भोकात बसवलं, आणि नव्या अवतारातला कॉम्प्युटर मला ओळखेना. ‘असे कोणतेही उपकरण आढळले नाही.’ मी तिथेच होतो. लग्न तोंडावर आलेलं, कागद पुन्हा आणायचा, आणि आता हेही बंद, तेही बंद. दशरथ कपाळाला हात लावून बसले. ह्या वयात लोकांपुढे अशी फजिती त्यांना नको होती.

तेव्हा फोन कुणी उचलला असेल? गार्गीने. बासरी वाजली, मग देवेश नावाचा एक मुलगा बोलायला लागला, आणि माझ्या कंपनीची जन्मभर निंदा केलेल्या त्या मुलीने त्याला असं काही धारेवर धरलं की मी भोकात ताठ झालो. आम्ही पैसे भरलेत. तुमचा डोंगल आहे, तुमचं सॉफ्टवेअर आहे, चालवून द्या. सवड बिवड काही नाही, आत्ता. बोलताना तिच्या चेहऱ्यावर एक तृप्ती पसरत गेली, जी मोकळ्या मंडळींना आदबीने पत्र लिहिताना मुळीच नव्हती.

“मॅडम, मी बघतो,” देवेश म्हणाला. आणि त्याने बघितलं. तो चांगला होता म्हणून असेल, पण बघणं ही त्याची नोकरी होती, हेही खरं. दूर बसून त्याने आमचा पडदा हातात घेतला. कॉम्प्युटर चालवणारी जी दुसरी महाकाय कंपनी आहे, तिनेही जुन्या प्रोग्रॅमांसाठी मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. नव्या कॉम्प्युटरला जुना असल्याचं सोंग आणता येतं. लाखो दशरथ जुनं सोडत नाहीत, हे तिला माहीत आहे, आणि तेही तिच्या नावाने शंख करायला मागेपुढे पाहत नाहीत. देवेशने ते सोंग आणवलं. माझा लाल दिवा लागला. दुपारी चहा आला तोवर पूर्वीच्या एका पत्रिकेच्या साच्यात नवी जुळली. दशरथनी गुणाजींना कळवलं, माझ्या भावाला खणातून काढा. संध्याकाळी पत्रिका छापून आल्या. खाली एकट्याचं, ठळक: श्री. हरेश्वर.

पत्रिका हरेश्वरच्या घरी पोचली, पण उत्तर आलं नाही. मथुराबाई कमी पडलेल्या पत्रिका न्यायला आल्या. दशरथ गठ्ठा बांधत होते, तेवढ्यात दारात एक उंच म्हातारा उभा राहिला. हातात पत्रिका. त्याने मथुराबाईंकडे बघितलंच नाही.

“ही पत्रिका तुमी छापली?” त्याने दशरथना विचारलं. “हिला विचारा, माज्या नावाम्होरं ‘नवऱ्याचा काका’ का नाय लिवलं? मी काय मांडववाला हाय?”

दशरथनी स्टूल पुढे केलं. मथुराबाई दशरथनाच म्हणाल्या, “त्याला सांगा, अख्खा कोलीवारा ओलखतो तो कोन हाय ते.”

“मंग लिवायला काय झालता?”

“जागा नव्हती.”

“मामाचे सासऱ्याला जागा होती?”

दोघं दशरथना मध्ये ठेवून बराच वेळ असे बोलले. मग दशरथ हळूच चहा सांगायला बाहेर गेले. मध्ये कुणी उरलं नाही, आणि भांडण थांबलं नाही. मांडव कुठे घालणार, हरेश्वरने विचारलं. आता थेट तिला. विहिरीजवळ, ती म्हणाली. तिथं पाणी साचतं, अक्कल गहाण टाकलीस का, तो म्हणाला, आणि पत्रिकेची घडी करून खिशात ठेवली.

“उद्या सकाली येतो. मी आल्याबगर खांब रोवायचा नाय.”

मथुराबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, लवकर ये, उशीर करायची तुझी जुनी खोड.

मित्रांनो, गार्गीची भीती खोटी नाही. कधीतरी माझा लाल दिवा लागणार नाही, आणि बासरीही वाजणार नाही. तोवर मला धुळीत टाकू नका, एवढंच मागणं. ज्यांनी फुकट दिलं त्यांचे मनापासून आभार माना, त्यांच्याशी भांडू नका, त्यांनी कुणाकडून काही घेतलेलं नाही. ज्याने पैसे घेतले त्याचा पत्ता जपून ठेवा आणि वेळ आली की बिनधास्त भांडा. तुम्ही भांडता म्हणून तो नीट वागतो. आणि तुमच्याच दारात कुणी भांडायला आलं, तर आधी स्टूल पुढे करा.