आक्कासाहेबांची चाल

घोरवडकर सरदारांची सरदारकी गेली, जहागीर गेली. उरला कोथरूडचा तीन खोल्यांचा फ्लॅट आणि नव्या सुनेची चाल. ही चाल म्हणजे मोठंच प्रकरण. माप ओलांडून सुनेनं उजवं पाऊल टाकायचं, डावा पाय हळूच ओढून त्याच्याजवळ आणायचा, क्षणभर थांबायचं, मग पुढचं पाऊल. मागून सगळं घर तसंच. अशी देवघरापर्यंत सोळा पावलं. घरचे कर्ते हिंमतराव पाहुण्यांना ऐटीत सांगत, "हा आमचा शाही डौल." त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंना स्वतःच्या लग्नात हा डौल काही जमला नव्हता. हिंमतरावांच्या आत्यानं, गोदाबाईंनी, त्यांना तीनदा उंबऱ्यापर्यंत परत पाठवलं होतं.

आता, दोन हजार तीन साली, त्यांचा मुलगा दिग्विजय हडपसरच्या आपल्याच कंपनीतल्या पूर्वाशी लग्न करत होता. पूर्वा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची, पगार त्याच्यापेक्षा जास्त, आणि लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायाला आधाराचा कॅलिपर. पोर सुशीलाबाईंना पहिल्या भेटीतच आवडली होती. म्हणूनच त्यांना त्या चालीची धास्ती वाटत होती. भरल्या घरात ती त्या चालीनं निघाली आणि कुणी फिसकन हसलं, तर? पोरीच्या जन्माला ते पुरलं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी वाघोलीहून गोदाबाई आल्या. चहा पुढे करता करता सुशीलाबाईंनी धीर केला.

"आत्याबाई, या वेळी चाल नको. नुसतं माप ओलांडू दे."

"का गं?"

"पोरीचा पाय... तिची थट्टा केल्यासारखं होईल."

गोदाबाईंनी बशी खाली ठेवली. "अगं, चाल हाय कुणाची? आक्कासाहेबांची. दोनशे वर्षांमागं ह्याच घराण्यात हुत्या त्या. त्यांचा डावा पाय जन्मापासनं अधू हुता. सारी जहागीर त्याच बघायच्या. त्यांना मागं टाकून जायची कुणाची छाती न्हाय, म्हणून समदे, नव्या सुनासुद्धा, त्यांच्यासारखेच चालायचे. माझ्या आजीनं सांगितलंय मला."

"मग हा शाही डौल?"

"ह्या हिंमतच्या बापाला त्या अधू पायाची लाज वाटायची. त्यानं डौल केला त्याचा."

शेजारी बसलेल्या हिंमतरावांनी पेपर तोंडासमोर धरला. कान मात्र लाल झाले होते.

सुशीलाबाईंनी तडक पूर्वाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे पूर्वा खो खो हसत सुटली. "आई, म्हणजे दोनशे वर्षं तुमच्या सगळ्या सुना माझी नक्कल करतायत? मी चालणार!"

दुसऱ्या दिवशी माप ओलांडून ती चालली. उजवं पाऊल, ओढलेला डावा पाय, थांबा. कुणी हसलं नाही. नवव्या पावलाला, सोफ्याच्या कोपऱ्याशी, शालूचा काठ कॅलिपरच्या बकलात अडकला आणि ती थांबली. सुशीलाबाई धावणार, तोच गोदाबाईंनी त्यांचं कोपर घट्ट धरलं. हिंमतराव एक पाय पुढे टाकून तसेच उभे राहिले. त्यांच्यामागे दिग्विजय, त्याच्यामागे पार लिफ्टपर्यंत सगळे पाहुणे.

पूर्वानं वाकून सावकाश काठ सोडवला आणि मागे वळून पाहिलं.

"अहो बाबा, तुम्ही सगळे का थांबलात?"

"तू थांबलीस म्हणून," हिंमतराव म्हणाले.

सुशीलाबाईंना इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही सुचेना. पूर्वा गालात हसली, आणि मुद्दाम आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. कुणीही हललं नाही.