तीन फोटो

बंद दाराआडून 'खट्' असा आवाज आला आणि पहाटेपासूनची शांतता मोडली. गुडघ्याची कळ बसली, म्हणजे पाय चढला. आता दोन मिनिटांत नवरा भांग पाडून बाहेर येणार आणि दोन्ही पाय घेऊनच जन्मभर हिंडल्याच्या थाटात चहा मागणार. लग्नाला सात वर्षं झाली, मुंगी पाच वर्षांची होत आली. पण मांडीखालचा उजवा पाय आपला नाही, हे लेकीला कळू न देण्याची शिकस्त त्यानं अजून सोडली नव्हती. बाबांचा पाय दुखतो, एवढंच मुंगीला ठाऊक.

"गाडीतला दांडा काढूया का रे?" तिनं कप पुढे करत विचारलं. "मी चालवत नेते गाडी. तपासणीत पास झाली की संध्याकाळी परत बसव. आरटीओबाहेरचा तो एजंट म्हणत होता, सगळे तेच करतात."

"सगळे तेच करतात म्हणून तर माझी नोकरी आहे," तो म्हणाला आणि फुंकर घालून चहा प्यायला.

तो दुकानोदुकानी फिरून वजनकाटे तपासायचा. तपासनीस आला की काटा खरा, वळला की खोटा, असले महाभाग तो आठवड्याला दोन-तीन तरी पकडायचा. याच कामावर बढती मिळाली म्हणून तर घर गुंडाळून ते या परक्या राज्यात आले होते. मापांच्या जड पेट्या गाडीच्या डिकीत असायच्या आणि गाडी चालायची ती स्टिअरिंगखालच्या दांड्यावर. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. तो दांडा त्यानं स्वतः कागदावर आखून लेथवाल्याकडून करून घेतला होता. सहा वर्षांत एकदाही दांड्यानं दगा दिला नव्हता.

फक्त त्याची नोंद गाडीच्या पुस्तकात नव्हती. जुन्या गावचा कारकून तेव्हा लिहायला बसलाही होता, 'अपंगाचं वाहन' म्हणून. यानंच त्याचा हात धरला. "अपंग मी आहे, गाडी चांगली धडधाकट आहे. राहू द्या." कारकून हसला, त्यानं पेनाला टोपण लावलं. तेव्हा ते ऐकून तिलाही केवढं कौतुक वाटलं होतं. आता इथल्या आरटीओतले लोक म्हणत होते, नोंदीशिवाय दांडा चालणार नाही आणि महिनाअखेरपर्यंत इथला नंबर लागला नाही तर गाडी जप्त. गाडी गेली की पेट्या गेल्या, पेट्या गेल्या की काम गेलं.

आरटीओच्या कचेरीतली ही त्यांची चौथी फेरी. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला साहेब होते तर शिक्का नव्हता, तिसऱ्या खेपेला दोघंही होते तर वीज नव्हती. खिडकीच्या काचेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपाळांचे तेलकट ठसे होते. टेबलावर डिंक सांडून वाळला होता आणि त्यात अडकलेली एक माशी अजून फडफडत होती. ती काढायला कुणी बोट पुढे करत नव्हतं. कोपऱ्यातल्या मुतारीचा वास ओळीइतकाच जागचा हलत नव्हता. तिनं मुंगीच्या नाकाला पदर लावला आणि 'कशाला हात लावू नकोस' हे दहाव्यांदा बजावलं.

साहेब थुंकी लावून कागद उलटत होते. नवऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ओल्या अंगठ्याचा डाग उमटला.

"काम काय करता?"

"वजनकाटे तपासतो."

"अरे वा! मग एकदा घरी या. आमच्या मंडळींचा काटा रोज जास्तच दाखवतो."

शेजारचा कारकून हसला. त्याला हसणं भागच होतं.

"हा दाखला तिकडचा," साहेब म्हणाले. "तुमचाच कशावरून?"

"फोटो आहे ना त्यावर."

"तो तोंडाचा. तोंडाला काय झालंय तुमच्या?" साहेबांनी खिशातून फोन काढला. "नोंद करून देतो, मी काही अडवत नाही. तीन फोटो लागतील. गाडीचा, दांड्याचा आणि तुमचा, गाडीशेजारी उभं राहून. नंबर दिसला पाहिजे. आणि पाय काढून."

नवऱ्यानं दाखल्यावरचा ओला डाग बाहीनं टिपला.

"पाय लावलेला असला तर मला फोटोत काय कळणार? पाय काय, सगळ्यांनाच असतात."

"साहेब, आत एखाद्या खोलीत घ्या ना," ती म्हणाली.

"गाडी आत येते का बाई?"

आवारात ओळ होती, ओळीतल्या माणसांना करमणूक नव्हती. नवऱ्यानं गाडीला पाठ टेकली आणि पँटचा पाय दुमडायला घेतला. एक घडी, दुसरी घडी, इस्त्री करून ठेवावी तशी नीट. मग कळ दाबून, पट्टे सोडून त्यानं पाय काढला आणि न बघताच तिच्याकडे दिला. सकाळी पॉलिश केलेल्या बुटासकट, स्वच्छ मोज्यासकट. तो इतका जड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मुंगीचे डोळे झाकायला हवेत हे तिला त्याच क्षणी सुचलं. पण तिच्या दोन्ही हातांत पाय होता.

"थोडे डावीकडे. नंबर झाकला जातोय तुमच्यामुळे," साहेब म्हणाले.

डावीकडे सरकायचं म्हणजे उडी मारायची. नवऱ्यानं टपावर हात टेकून एक उडी मारली. ओळीतला कुणीतरी 'अरेरे' म्हणाला, कुणीतरी मान वळवली आणि पुन्हा पाहिलं. साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला, तो हलला होता. त्यांनी दुसरा काढला.

अर्ध्या तासात सगळं झालं. शिक्का बसला, नोंद झाली, दांडा कायदेशीर ठरला. "बघा, एक पैसा लागला नाही," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी उपकार केला.

पाय चढवून नवरा गाडीपाशी आला. चालकाच्या दारावरून तसाच पुढे गेला, वळसा घालून पलीकडचं दार उघडून बसला. फाईल मांडीवर ठेवली, किल्ली तिच्यापुढे धरली आणि काचेबाहेर पाहू लागला.

ती घ्यावी की नाही हे तिला कळेना. त्याचा हात अवघडेल म्हणून तिनं घेतली. स्टिअरिंगखाली गुडघे सावरताना दांडा तिच्या मांडीला लागत होता. तिनं तो हलकेच बाजूला केला.

मागच्या सीटवरून मुंगी पुढे झुकली. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आईच्या कानाला तोंड लावलं.

"आई, त्या साहेबांनी बाबांची गाडी काढून घेतली का गं?"