दोघींच्या सुया आणि मी

मित्रांनो, माझे दार आता नीट लागत नाही. खाली विटेचा तुकडा टेकवून ते बंद ठेवावे लागते. अंगावरचा पांढरा रंग जागोजागी उडाला आहे आणि पाठीमागच्या नळ्यांना गंज चढला आहे. मी एक जुना फ्रीज आहे. अशा वस्तूची गोष्ट कोण ऐकणार, असे मला वाटायचे. पण दोन बायकांचे जीव मी माझ्या पोटात सांभाळले आहेत, म्हणून सांगतो.

कैरोजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी एका दुकानात आलो आणि दुकानातून इन्साफच्या लग्नात. इन्साफ इजिप्तच्या उत्तरेकडच्या बुरुल्लुस तळ्याकाठी राहणारी, शिवणकाम करणारी मुलगी. आमच्याकडे स्वयंपाकघराचे सामान नवरीकडचे असते आणि ते तिचेच राहते. मला उघड्या गाडीवर बांधून गावभर मिरवले. सासरी पोहोचल्यावर सासूने, हाज्जा तफीदाने, सगळ्यांदेखत माझे दार उघडून आत डोकावून पाहिले.

"माशाल्लाह!" ती म्हणाली. "सून कशी का निघेना, फ्रीज मोठा आहे!"

सगळे हसले. इन्साफही हसली. मला तर फार अभिमान वाटला. मी नवा होतो, मला टोमणे कळत नव्हते.

पहिली दोन वर्षे मी दूध, टरबुजे आणि आदल्या दिवशीची मुलुखियाची पालेभाजी सांभाळत सुखाने गुरगुरत राहिलो. मग नणंदेच्या बाळंतपणात रक्त लागले. इन्साफ आपणहून पुढे झाली. तिचे रक्त घेतले नाही. तिला हिपॅटायटिस सी आहे, तो विषाणू यकृत पोखरत बसतो, असे तिला सांगण्यात आले. कुठून लागला हे कोणालाच सांगता आले नाही. गावात कोणाला दात काढताना, कोणाला जुन्या सुईने लागला होता. घरोघरी होता, पण घरोघरी झाकलेला होता.

त्या दिवसापासून इन्साफचे ताट निराळे झाले. हा आजार ताटातून किंवा हातातून लागत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हाज्जा तफीदा म्हणाली, "डॉक्टरला काय जातंय सांगायला! त्याला कुठे आमच्या घरात जेवायचंय?"

नवरा शौकी खाली मान घालून जेवत राहिला.

पुढे तालुक्याच्या यकृत केंद्रात इन्साफचे नाव लागले. त्या काळी गोळ्या नव्हत्या. आठवड्याला एक सुई घ्यायची, सोबत कॅप्सूल खायच्या, आणि हे जवळजवळ वर्षभर. सुई घेतली की हुडहुडी भरून ताप चढायचा, हाडे ठणकायची, केस मुठीने गळायचे. एवढे करून गुण येईलच असेही नव्हते. औषध भरलेल्या सुया थंड ठेवाव्या लागत. गाव लांब, म्हणून तिला महिन्याच्या सुया एकदम मिळाल्या. तिने तो खोका माझ्या मधल्या फळीवर ठेवला आणि दारावर हात फिरवला.

दोन दिवसांनी सकाळी हाज्जा तफीदाने तो खोका उचलला, गच्चीवर नेला आणि कबुतरांच्या खुराड्यावर ठेवून आली. ऑगस्टचे, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याचे ऊन होते. इन्साफला तो संध्याकाळी सापडला. खोका तव्यासारखा तापला होता.

"अम्मा, हे का केलंत?"

"तुझी घाण माझ्या दुधाला लागून नको."

"फ्रीज माझा आहे, अम्मा."

"आणि घर कोणाचं आहे गं? दोन वर्षांत एक लेकरू दिलं नाहीस, आणलंस काय तर रोग! शौकी, हिला सांग."

शौकी टरबूज खात होता. त्याने बिया ताटलीत थुंकल्या आणि म्हणाला, "अम्माचं वय झालंय. तू जरा समजून घे."

केंद्रात तिच्यावर डॉक्टर ओरडले. उन्हात राहिलेले औषध पाण्यासारखे झाले होते. पुन्हा असे घडले तर नाव कमी करू, असे ते म्हणाले. इन्साफ बाहेरच्या बाकावर येऊन बसली. शेजारी एक थोराड बाई मासे तळून आणल्यासारखी घमघमत बसली होती. ती सब्रिया. बाजारात मासे विकायची, विधवा, जिभेने तिखट. तिलाही तोच आजार होता.

ही सगळी हकिगत सब्रियाने मला नंतर ऐकवली. म्हणजे ऐकवली इन्साफला, पण माझ्या दाराला टेकून.

"मी तुला विचारलं, रडतेस कशाला? तू म्हणालीस, माझ्याकडे फ्रीज आहे पण ठेवायला घर नाही. मी म्हटलं, वा! माझ्याकडे खोली आहे आणि फ्रीज नाही. आपलंच लग्न लावू या!"

इन्साफचा भाऊ मुतवल्ली गाढवाची गाडी घेऊन आला. त्याने मला एकट्याने जिन्यावरून खाली उतरवले. शौकी दारात उभा होता. त्याने दोरी बांधायलाही हात लावला नाही. वाटेत इन्साफने भावाला विचारले, "थोडे दिवस तुझ्याकडे राहू का रे?"

मुतवल्लीने गाढवाला उगाच एक फटका मारला. "ताई, माझ्या घरात लहान पोरं आहेत गं. बायको ऐकायची नाही." मग त्याने गाडी सब्रियाच्या खोलीपर्यंत हाकली. मला आत ठेवून, चहा न घेता निघून गेला.

मित्रांनो, त्या खोलीत मला माशांचा वास लागला, तो अजून गेलेला नाही. माझ्या मधल्या फळीवर डावीकडे इन्साफच्या सुया आणि उजवीकडे सब्रियाच्या. दोघींनी मुद्दाम वेगवेगळे वार धरले होते. एक तापाने फणफणली की दुसरी पायांवर उभी असायची, रस्सा करायची, कपडे बदलायची.

इन्साफचे केस गळू लागले तेव्हा सब्रिया म्हणाली, "बरं झालं, आता उवांना राहायला जागा नाही." इन्साफला हसू आले आणि हसता हसता उलटी झाली. ती सब्रियानेच पुसली.

त्या उन्हाळ्यात वीज तासन् तास जायची. मी गप्प पडायचो. माझ्या पोटातली थंडी हळूहळू निसटताना मला कळायची आणि मला काही करता यायचे नाही. अशा वेळी सब्रिया मासळीबाजारातून बर्फ आणायची, गोणपाटात गुंडाळून माझ्या खालच्या फळीवर ठेवायची. बर्फ सुयांना चिकटू द्यायची नाही. गोठलेली सुईही वायाच जाते.

एका दुपारी इन्साफ उठून माझ्याकडे आली. औषधाने तिचे मनही पोखरले होते. ती दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "फेकून देते सगळ्या," ती म्हणाली. "कोणासाठी बरी होऊ? शौकीने दुसरं लग्न ठरवलंय."

सब्रिया आली आणि माझ्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. तिच्या वजनाने मी मागे सरकलो.

"आधी मला उचल," ती म्हणाली. "मग दार उघड."

"हट सब्रिया!"

"उचल की. तुझ्या बापालाही उचलता आलं नसतं."

इन्साफने तिचा दंड ओढला, तिला मारले, मग तिच्याच मांडीवर डोके ठेवून पडली. सब्रिया अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली. तिचा स्वतःचा सुईचा दिवस होता तो. नंतर इन्साफनेच उठून तिची सुई बाहेर काढली.

आणि मग ते झाले. मधली तपासणी आली. इन्साफच्या रक्तातला विषाणू दिसेनासा झाला होता. सब्रियाचा जसाच्या तसा होता. औषध तिला लागू पडत नाही, म्हणून तिचा उपचार थांबवण्यात आला. तिने उरलेल्या सुया केंद्रात परत केल्या, उजवी बाजू ओल्या फडक्याने पुसली आणि तिथे लिंबे ठेवली.

इन्साफ हुंदके देऊ लागली तेव्हा सब्रिया खेकसली, "माझ्या दारात रडारड नको! दोघींपैकी एक तरी सुटतेय ना? की तुझंही थांबायला हवं होतं?"

दुसऱ्या दिवशी वीज गेली. दुपारी सब्रिया धापा टाकत आली. डोक्यावर बर्फाचे गोणपाट होते. आता तिच्यासाठी त्यात काहीच नव्हते. तरी ती आणत राहिली, इन्साफची शेवटची सुई संपेपर्यंत.

इन्साफ बरी झाली. ही बातमी शौकीपर्यंत गेली आणि एक दिवस तो दारात आला. दुसरे लग्न मोडले होते. हाज्जा तफीदाची तपासणी झाली होती आणि तिलाही तोच विषाणू निघाला होता, कित्येक वर्षांचा.

"चल घरी," शौकी म्हणाला. "अम्माकडे बघायला कोणी नाही. तुला तर या दुखण्याची सवय आहे."

सब्रियाने मासे कापायची सुरी खाली ठेवली. पण बोलली इन्साफ.

"तिच्या सुया इथे पाठव. मी थंड ठेवीन, दर आठवड्याला देईन. मी येणार नाही."

त्या सुया कधीच आल्या नाहीत. हाज्जा तफीदाने गावाला कळू नये म्हणून केंद्रात नावच लावले नाही. ती तशीच गेली.

सब्रियाचे यकृत निकामी होत गेले, पोट पाण्याने फुगू लागले. बाजार सुटला. इन्साफ शिवणयंत्र तिच्या खाटेजवळ ओढून काम करायची. शेवटच्या दिवसांत सब्रियाला फक्त थंड पाणी गोड लागायचे. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून पाणी गार करत होतो. एका सकाळी तिला रक्ताची उलटी झाली. दुपारपर्यंत सगळे संपले.

पुढच्याच वर्षी गोळ्या आल्या. काही महिने घ्यायच्या, ना ताप ना हुडहुडी, आणि बहुतेक सगळे बरे होतात. त्यांना फ्रीजही लागत नाही. ही बातमी ऐकून इन्साफ घरी आली. तिने माझे दार उघडले आणि बराच वेळ उघडेच ठेवले. एरवी ती असे कधी करत नाही. मग ओढणी सारखी करून ती केंद्रात गेली. तिथे बाकावर एकट्या बसलेल्या बाया तिने शोधून काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. अजून जाते. काहींना ती स्वतःबरोबर घरी घेऊन येते. त्या जेवतात, रडतात, माझ्या दाराला टेकून बसतात. मला त्यांचे वजन आवडते.

मित्रांनो, मी आता फारसा थंड होत नाही. माझी काळजी करू नका, लोखंडाचे काय एवढे! पण तुमच्या घरात किंवा गल्लीत कोणाला असा आजार झाला, तर त्याचे ताट वेगळे करू नका. औषध कधी निघेल ते कोणाच्या हातात नसते. ते निघेपर्यंत कोणाला एकटे पडू देऊ नये, एवढे मात्र आपल्या हातात असते. सब्रियाला बरे करणारे औषध वेळेत मिळाले नाही, मित्रांनो. पण तिच्या खोलीत तिला एक दिवसही एकटीने तापात पडावे लागले नाही.